सडा: अंगणातला आणि डोंगरावरचा

जांबोटीजवळ माहेर असलेल्या आणि आता बेळगावात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आजी ‘गुरं सड्यावर गेलीत’ असं म्हणायच्या. मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात त्याच जागेला ‘पठार’ म्हटलंय आणि शेजारच्या काकू ‘माळ’ म्हणतात. तर हे तिन्ही एकच का? अंगणात घालतो तो सडा आणि हा सडा यांचं काही नातं आहे का? आणि जाता जाता, जांबोटी हे नाव जांभ्या दगडावरून पडलं का?

ताई, तिन्ही एक नाहीत. आजींचा शब्द सगळ्यात नेमका आहे.

आधी माळ. माळाला माती असते. पातळ, मुरमाड, कशीबशी कुसळ उगवेल इतकीच, पण असते. तो फार उंच असायला हवा असंही नाही. बेळगावात माळमारुती आहे, तिथे काही डोंगर चढून जावं लागत नाही. गावाबाहेरची उघडी, कोरडवाहू, जरा चढावरची जमीन म्हणजे माळ.

सड्याला मात्र दोन गोष्टी लागतातच. एक, तो डोंगराच्या माथ्यावर हवा आणि त्याच्या कडा तुटलेल्या हव्यात. दुसरी जास्त महत्त्वाची: वर जांभ्याचा उघडा कातळ हवा. बेळगावहून गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढे गाडी थांबवून जरा आत चालत गेलात तर पायाखाली लालकाळा, भोकाभोकांचा, चप्पल घासणारा दगड लागतो. माती फक्त खळग्यांत. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, आणि पावसाळ्यात त्याच खळग्यांत गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. हा सडा. याला माळ म्हटलं तर आमच्याकडचा गुराखी हसेल.

आता गंमत बघा. नकाशावर ‘सडा’ असलेली गावं शोधत गेलं की एक पट्टा दिसतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात सडावाघापूर, रत्नागिरीला सडामिऱ्या, गुहागरात सडेजांभारी, कोल्हापूर जिल्ह्यात कासारसडा, आपल्या चोर्ल्याच्या बाजूला नुसतंच सडा, आणि गोव्यात वास्कोजवळ बंदराच्या टेकाडावर पुन्हा सडा. यातलं सडेजांभारी मला फार आवडतं, दगड आणि जागा दोन्ही एका नावात. कासारसड्याला बॉक्साइटची खाण झाली, तीही उगाच नाही. जांभा आणि बॉक्साइट सख्खे भाऊ. मूळ खडक पावसापाण्याने लाखो वर्षं कुजत जातो, त्यातली सिलिका धुऊन जाते, मागे उरतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोह जास्त असलं तर जांभा, ॲल्युमिनियम जास्त असलं तर बॉक्साइट. बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला तो या सड्यांच्या जिवावर.

म्हणजे शब्द दगडाच्या मागोमाग चाललाय. जिथे जांभ्याची टोपी आहे तिथे सडा. खानापुरावरून पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे उतरलात की टोपी संपते आणि शब्दही संपतो, तिथून पुढे माळ आणि कन्नड ‘गुड्ड’, म्हणजे टेकडी. गोकाकला घटप्रभा जिथून सुमारे १७० फूट खाली उडी घेते तो दगडही वरून सपाट आहे, कडा तुटलेल्या आहेत. पण तो वालुकाश्म-क्वार्टझाइट, शंभर कोटी वर्षांहून जुना. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट त्याच्यापुढे कालचं पोर, साडेसहा कोटी वर्षांचा. गोकाकच्या त्या कातळाला सडा म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

पठार हा शब्द चुकीचा नाही, पण तो पोटात सगळं घेतो. दख्खनचं अख्खं पठार आणि कणकुंबीवरचा चार एकरांचा सडा, दोन्हीला एकच शब्द. शिवाय हल्ली सहलीच्या जाहिरातींत ‘चोर्ला पठार’ वाचलं की मला उगाच कासला आल्यासारखं वाटतं. आपल्याकडे असलेला शब्द टाकून साताऱ्याहून उसना आणायची काय गरज?

आता अंगणातला सडा. शेणाचा घालतो, फुलांचा पडतो, प्राजक्ताचा तर पहाटे न घालता पडतो. हा शब्द संस्कृत ‘छटा’शी जोडतात, आणि ते पटतं, कारण मराठीत ‘छ’चा ‘स’ होणं नेहमीचं आहे: छुरीची सुरी झाली, छालीची साल झाली. शिंपडलेला, पसरलेला थर तो सडा.

डोंगरावरचा सडाही पसरलेला असतो, म्हणून दोन्ही एकच, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. मराठीत तिसराही एक सडा आहे, त्याच्याकडे कुणी बघतच नाही. ‘तो काय, सडा माणूस, बायको ना पोर.’ सडाफटिंग, सडासोट. जुन्या पत्रांत बुणगे मागे ठेवून ‘सडी फौज’ पुढे जाते, म्हणजे सामानसुमान, लवाजमा नसलेली. आणि भात सडतात तेव्हा काय करतात? कांडून वरचं आवरण काढून टाकतात. बिनसडीचा तांदूळ म्हणजे ज्याचा कोंडा अंगावरच राहिलाय तो. (शहरातल्या एका भाचीने ‘सडीचा तांदूळ’ ऐकून ‘ई, सडका?’ असं विचारलं होतं. तिची चूक नाही, तिने उखळ पाहिलेलं नाही.) या सगळ्यांत समान काय? अंगावर काही नसणं. मोकळं, उघडं, एकटं. माती नाही, झाड नाही, आडोसा नाही, अशा जागेला सडा म्हणणारा माणूस हाच अर्थ मनात धरून बोलत असणार, असं माझं मत आहे. खालच्या दाट रानातून धापा टाकत वर यावं आणि एकदम डोक्यावर फक्त आभाळ यावं, हा अनुभव घेतलेल्याला ते लगेच पटेल.

आता जांबोटी. इथे जरा सावकाश. जांभ्याचं नाव आणि जांभळा रंग एकाच घरातले वाटतात, आणि दगड ताजा कापला की तो रंग दिसतोही. ताजा असताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने चिरे निघतात, उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होतो. कन्नडमध्ये त्याला ‘जंबिट्टिगे’ म्हणतात. इट्टिगे म्हणजे वीट. डोंगरातून निघणारी जांभळी वीट, इतकं साधं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे पुन्हा वीटच. तिथले लोकही त्याला ‘विटेचा दगड’च म्हणतात, हे त्याने नोंदवलंय. शास्त्रीय नाव म्हणून आपण जे पाठ करतो ते मुळात गवंड्यांच्या बोलीचं भाषांतर आहे. कौलांसाठी नाव कमावलेल्या खानापूरवाल्यांना तर याचं नवल वाटायला नको.

पण म्हणून जांबोटी जांभ्यावरून, असं मी लिहून देणार नाही. तिथे जांभळाची झाडं आहेत. शिवाय ‘जांभा’ नावाचं एक झाडही आहे, कन्नडमध्ये ‘जंबे’, लाकूड लोखंडासारखं, या घाटातल्या रानांत ते वाढतं. दगड, फळ आणि लाकूड असे तीन दावेदार असताना नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर निकाल देणं म्हणजे उतावीळपणा. गावाच्या नावांची माझी साधी कसोटी अशी: माणसं गावाला नाव देतात ते आजूबाजूच्या गावांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. जांबोटीच्या चहूबाजूंना जांभाच जांभा आहे. मग त्याच दगडाचं नाव एकाच गावाला कशाला पडेल? माझा कल झाडाकडे आहे, फळाचं की लाकडाचं ते मात्र गावच्या म्हाताऱ्यांनी सांगावं.

याच भागातलं दुसरं नाव मला जास्त छळतं: वज्रपोहा, म्हादईवरचा धबधबा. वज्र म्हणजे हिरा, पाणी हिऱ्यांसारखं चमकतं, अशी गोष्ट ऐकवतात. पण सड्याचा दगड सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेतून बाहेर पाझरतं. म्हणून बहुतेक गावं सड्यावर नसतात, सड्याच्या पायथ्याशी असतात, पाणी तिथे असतं. या पाझराला, कड्यावरून पडणाऱ्या ओहोळाला घाटाखाली ‘वझर’ म्हणतात. दोडामार्गात वझरे गाव आहे, गोव्यात धबधब्याला आजही वझर म्हणतात. मला दाट संशय आहे की आमच्या वझराला कुणीतरी शिकलेल्याने सोवळं नेसवून वज्र केलं. तुमच्या आजी असत्या तर त्यांनाच विचारलं असतं, त्या कडेवरून खाली येणाऱ्या पाण्याला काय म्हणायच्या.