पायाच्या बोटाच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय काळजी घ्यावी आणि कामावर कधी जाता येते?

तुमच्या पायाचे दुसरे बोट मधल्या सांध्यात वाकले आहे, ते सरळ करून त्यात तार घालणार आहेत, त्याच दिवशी घरी सोडणार आहेत आणि तुम्ही एकटे राहता, असे तुम्ही लिहिले आहे. घरी कोणती तयारी ठेवावी आणि कामावर केव्हा जाता येईल, हे तुमचे दोन प्रश्न आहेत. माझ्या उजव्या पायाच्या त्याच बोटावर हीच शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून उत्तर देत आहे. मी डॉक्टर नाही. माझे म्हणणे आणि तुमच्या शल्यचिकित्सकांचे म्हणणे जिथे वेगळे पडेल, तिथे त्यांचेच ऐकावे.

शस्त्रक्रिया खरोखरच छोटी असते. वाकलेल्या सांध्यातला हाडाचा लहानसा तुकडा काढतात, बोट सरळ करतात आणि हाड जुळेपर्यंत ते तसेच राहावे म्हणून बोटाच्या टोकातून एक बारीक तार आत सरकवतात. तरीही हाताच्या बोटाला तेवढीच जखम झाली असती, तर ती जितकी सुजली असती त्यापेक्षा पायाची जखम पुष्कळ जास्त सुजते, कारण पाय खाली लोंबता असला की रक्त आणि जखमेभोवतीचे पाणी तिकडेच साचत राहते. सूज वाढली की टाके ताणले जातात, ठणका वाढतो आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही जे काही कराल, ते सूज आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने योग्य आहे की नाही, एवढे एकच तपासत राहिलात तरी बहुतेक निर्णय आपोआप बरोबर येतील.

रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर बहुधा 'पाय उंच ठेवावा' एवढेच छापलेले असते, आणि किती उंच, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. बोटे छातीच्या पातळीपेक्षा वर असली पाहिजेत. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवल्याने आराम वाटतो, परंतु पाय तेव्हाही छातीच्या खालीच असतो, त्यामुळे सूज उतरण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग फार थोडा. पलंगावर किंवा लांब सोफ्यावर आडवे व्हावे, पोटरीखाली दोन घट्ट उश्या अशा ठेवाव्यात की गुडघ्यालाही थोडा आधार मिळेल आणि टाच उशीच्या कडेबाहेर मोकळी राहील. टाच तासन्‌तास एकाच जागी दाबली गेली, तर तिथली त्वचा दुखावते, आणि बधिरतेमुळे ते लवकर लक्षातही येत नाही. पहिले ४८ ते ७२ तास स्वच्छतागृहात जाणे आणि जेवण सोडले, तर बाकी सगळा वेळ असेच राहावे. त्यानंतर उठायला हरकत नसते, पण उठल्यावर काही मिनिटांत बोटे जड होऊ लागली, काळपट-लाल दिसू लागली आणि नाडीच्या तालावर ठणकू लागली, की पुन्हा आडवे व्हायची वेळ झाली असे समजावे. घड्याळापेक्षा हा इशारा अधिक विश्वासाचा आहे.

पहिल्या रात्रीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोक गाफील राहतात. घोट्याजवळ इंजेक्शन देऊन पाय बधिर केलेला असेल, तर घरी आल्यावर अनेक तास काहीच दुखत नाही. औषधाच्या प्रकारानुसार ही बधिरता संध्याकाळपर्यंत, कधी दुसऱ्या सकाळपर्यंतही टिकते. दुखत नाही म्हणून गोळी पुढे ढकलली जाते, आणि मग मध्यरात्री बधिरता उतरली की दुखणे एकदम अंगावर येते. तेव्हा घेतलेल्या गोळीचा परिणाम व्हायला पाऊण-एक तास जातो. बोटांत मुंग्या येऊ लागणे ही भूल उतरत असल्याची खूण असते. सांगितलेली गोळी त्याच्या आधी, ठरलेल्या वेळीच घ्यावी. गोळ्या वेगवेगळ्या नावांच्या असल्या, तरी त्यांपैकी दोन-तीनमध्ये पॅरासिटामॉल असू शकते, आणि निरोगी प्रौढ माणसाने ते २४ तासांत एकूण ४ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. म्हणून प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचून घ्यावेत. आयबुप्रोफेनसारखी औषधे अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन दिले असेल, तर बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली, तिचाही उपाय त्याच वेळी विचारून ठेवावा.

बधिर पायावर थेट बर्फ ठेवू नये. कातडी गारठून भाजली तरी कळणार नाही. ड्रेसिंग जाड असेल, तर बर्फाचा गारवा जखमेपर्यंत पोहोचतही नाही. मला गुडघ्याच्या मागच्या खळगीत, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी १५ ते २० मिनिटे ठेवायला सांगितले होते, आणि त्याने ठणका बराच उतरत असे.

आता तारेविषयी. तिचे टोक नखाच्या पुढे थोडेसे बाहेर डोकावते. ते वाकवलेले असते किंवा त्यावर छोटी टोपी बसवलेली असते. तार हाडात असते, पण तिच्यामुळे सतत दुखत राहील अशी जी कल्पना आपण करून घेतो, तसे काही होत नाही. खरा धोका ती कशात तरी अडकण्याचा असतो: चादरीच्या धाग्यात, पायजम्याच्या शिवणीत, मच्छरदाणीत. पांघरुणाचा एवढासा भारही पहिल्या काही रात्री बोटाला सोसवत नाही. त्यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुठ्ठ्याचा मोठा खोका. त्याची एक बाजू कापून काढावी, तो पलंगाच्या पायथ्याशी आडवा ठेवावा, पाय त्याच्या पोकळीत सरकवावा आणि पांघरूण खोक्यावरून सोडावे. यासाठी विकत मिळणारी धातूची चौकट हेच काम करते, पण खोका हलका असतो आणि झोपेत लाथ बसली तरी लागत नाही. पायजमा रुंद पायाचा निवडावा आणि शस्त्रक्रियेच्या आधी एकदा जाड मोजे चढवून त्यावरून तो सहज निघतो का, हे पाहून ठेवावे.

ड्रेसिंग उघडून आत पाहण्याचा मोह टाळावा. वर थोडा रक्ताचा डाग उमटणे स्वाभाविक आहे. पेनाने त्याच्या कडेने रेघ ओढून वेळ लिहून ठेवली, की डाग वाढतो आहे का, हे नंतर वाद न घालता कळते. डाग वाढतच राहिला किंवा रक्त ठिबकू लागले, तर फोन करावा. बोटे जंतुनाशकामुळे पिवळट-तपकिरी दिसतात, त्यामुळे रंगावरून घाबरायला होते. अशा वेळी शेजारच्या बोटाचे टोक दाबून सोडावे, पांढरे पडलेले टोक दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले, तर रक्तपुरवठा ठीक आहे असे मानायला हरकत नाही. बोटे गार, निळसर किंवा पांढरी पडली आणि पाय वर ठेवूनही तशीच राहिली, तर मात्र वाट पाहू नये.

तुम्ही एकटे राहता, हा या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते. गुंगीचे औषध दिले असेल, तर पहिले २४ तास कोणीतरी प्रौढ व्यक्ती सोबत असणे आवश्यकच आहे. नातेवाईक नसेल तर मित्राला किंवा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. त्यानंतर एकट्याने निभावते, पण हात मोकळे नसतात ही अडचण आधी लक्षात येत नाही. कुबड्या घेतल्या की पाण्याचा पेलासुद्धा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. घट्ट झाकणाची बाटली, झाकणाचे डबे आणि गळ्यात अडकवता येईल अशी कापडी पिशवी, एवढ्यावर माझे बरेचसे काम भागले. रोज लागणाऱ्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेवाव्यात, पायपुसणी आणि सुटे गालिचे उचलून टाकावेत, रात्री पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर एक दिवा चालू ठेवावा आणि फोन सतत खिशात असावा.

कुबड्या वापरायला शस्त्रक्रियेच्या आधीच शिकावे, त्यानंतर गुंगीत शिकणे धोक्याचे असते. कुबडीचे वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावे आणि भार तळहातांवर घ्यावा; काखेवर रेलल्यास तिथल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी वर जातो, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली जातात. या शस्त्रक्रियेत बहुधा कडक तळव्याचे खास पादत्राण देतात आणि ते घालून टाचेवर भार देत चालायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, पण ती तुमच्या बाबतीत आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. परवानगी असली तरी चवड्यावर जोर देऊन पाऊल रेटायचे नाही. त्या पादत्राणाचा तळ जाड असल्याने एक पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते. दुसऱ्या पायात तेवढ्याच जाड तळाचा बूट घातला, की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

आंघोळीच्या वेळी स्टुलावर बसावे आणि पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याबाहेर दुसऱ्या स्टुलावर ठेवावा. पिशवी बांधलेल्या पायावर ओल्या फरशीवर उभे राहू नये. तार असेपर्यंत ती जागा कोरडी ठेवणे गरजेचे असते, कारण तारेच्या कडेने जंतू आत शिरू शकतात.

सर्वांत सांभाळायचा काळ तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू होतो. दुखणे कमी झालेले असते, घरात पसारा साठलेला असतो आणि आपण जरा आवरून घेऊ असे वाटते. संध्याकाळपर्यंत पाय पुन्हा फुगतो. हेच दिवस जंतुसंसर्ग कळून येण्याचेही असतात. कमी झालेले दुखणे पुन्हा वाढू लागणे, लाली घोट्याकडे पसरणे, पू किंवा दुर्गंधी येणे, ३८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, तार सैल होणे किंवा बाहेर सरकणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तार स्वतः आत ढकलू नये. एका पोटरीत दुखणे, ती सुजणे किंवा गरम लागणे हे रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते, आणि छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे यांसाठी थेट तातडीच्या विभागात जावे. पूर्वी गाठ झाली असेल, किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील, तर ते शस्त्रक्रियेच्या आधीच सांगावे. मधुमेह असल्यास साखर नियंत्रणात ठेवणे आणि धूम्रपान करत असल्यास हाड जुळेपर्यंत ते बंद ठेवणे, या दोन गोष्टींचा जखमेवर कोणत्याही मलमापेक्षा जास्त परिणाम होतो.

कामाचे म्हणाल, तर टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, आणि बसून करायचे काम असेल व पाय वर ठेवायची सोय असेल तर बहुतेक लोक एक-दोन आठवड्यांत परततात. उभे राहून करायच्या कामाला सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ धरावा. माझ्या मते सुट्टी थोडी जास्तच मागून ठेवावी, कारण नंतर ती वाढवून मागण्यापेक्षा लवकर कामावर येणे सोपे जाते. तार चार ते सहा आठवड्यांनी काढतात. भूल न देताच काही सेकंदांत ती ओढून काढतात, आणि दुखण्यापेक्षा काहीतरी विचित्र सरकल्याची जाणीव अधिक होते. उजव्या पायावर शस्त्रक्रिया असेल, तर तार निघेपर्यंत, साधा बूट घालता येईपर्यंत आणि न कचरता जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत गाडी चालवू नये. विमा कंपनीची अटही पाहून घ्यावी. डाव्या पायावर असेल आणि गाडीला क्लच नसेल, तर लवकर परवानगी मिळू शकते.

तार निघाली म्हणजे बोट लगेच पूर्ववत होत नाही. ते तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त काळ, जाडसर आणि सुजलेले दिसते, संध्याकाळी अधिकच, आणि हाडे जोडलेली असतील तर मधला सांधा कायमचा ताठ राहतो. त्यामुळे चालायला अडचण येत नाही, पण बूट मात्र पुढच्या बाजूने रुंद आणि उंच असलेलाच घ्यावा, आणि तो संध्याकाळी, पाय सुजलेला असताना, पायात घालून पाहूनच निवडावा.