संकल्पाचे पाणी

प्रिय सोनू,

काल रात्री पांघरुणात शिरताना तू विचारलेस की जानेवारीत नवे वर्ष येऊन गेले, तेव्हा केलेले निश्चय तीन आठवड्यांत मोडलेही, मग गुढीपाडव्याला पुन्हा नवे वर्ष कशासाठी. आणि टोरांटोत अजून बर्फ असताना याला वसंत कसे म्हणायचे? मी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

चैत्र आणि वैशाख हे आपल्याकडे वसंताचे महिने. आजोबांच्या गावी या दिवसांत कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी असते, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात आणि रब्बीचा गहू, हरभरा घरात आलेला असतो. मराठवाड्यात आणि विदर्भात सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या माणसाचे, साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मोजतात आणि पुढच्या सालाची बोलीही तेव्हाच होते. एक काम हातावेगळे झाले आहे आणि दुसरे अजून सुरू व्हायचे आहे, अशा जागी हा दिवस येतो. इथल्या मेपलला पान नसले तरी त्याचा रस याच दिवसांत वाहू लागतो. शाळेच्या सहलीत खोडांना लावलेल्या बादल्या तू पाहिल्याच आहेस.

तारीख दरवर्षी का बदलते, हेही सांगून टाकते. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे असल्यामुळे 2025 साली 30 मार्चला आलेला पाडवा 2026 मध्ये 19 मार्चला येतो. पण या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्यामुळे 2027 मध्ये तो 7 एप्रिलवर जाईल. अधिक महिना नसता तर आपला पाडवा सरकत सरकत कडाक्याच्या थंडीत गेला असता.

आता निश्चयाविषयी, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते. पूजेच्या आरंभी बाबा तळहातावर पाणी घेऊन जे म्हणतात, त्याला संकल्प म्हणतात. त्यात आधी आपण कुठे आहोत ते येते, मग शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ‘वसंतऋतौ, चैत्रमासे, शुक्लपक्षे’ असा काळाचा उच्चार, मग स्वतःचे नाव आणि गोत्र, आणि सगळ्यांत शेवटी आज करायचे एकच काम. त्यानंतर ‘करिष्ये’ म्हणून ते पाणी ताम्हनात सोडतात. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. जानेवारीत तू वहीत अकरा गोष्टी लिहिल्यास आणि त्या साऱ्या वर्षभर पाळायच्या होत्या. संकल्पात मात्र माणूस आधी आपली जागा आणि वेळ नीट पाहतो आणि समोरचे काम तेवढे हाती घेतो. निश्चय मोडल्याचे तुला एवढे वाईट वाटले, त्यात तुझा दोष नव्हता. ओझेच मोठे होते.

गुरुवारी सकाळी गॅलरीत गुढी उभारू. वेळूची काठी मिळाली नाही म्हणून पडद्याची लाकडी काठी वापरू. तिला आजीने दिलेला जरीचा खण, आंब्याचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. कडुनिंबाची पाने दुकानात गोठवलेली मिळाली, ती गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग आणि मीठ घालून वाटीन. तू दरवर्षी त्यातला गूळ शोधतोस, तो यंदा थोडा जास्त घालते.

या वेळी तूही हातावर पाणी घे. संस्कृत येत नाही म्हणून अडू नकोस; टोरांटो, चैत्र, तुझे नाव आणि त्या दिवशीचे एक काम, एवढे मराठीत म्हण. पळीने पाणी मी घालीन, ताम्हन बाबा धरतील.

तुझी,
आई