कुंडीतील ऱ्होडोडेंड्रॉन : पहिल्या रोपाआधी

लंडनच्या अंगणात आपण ऱ्होडोडेंड्रॉन हे फुलझाड पहिल्यांदाच लावणार असाल, तर हिमालयातल्या बुरांशाचा, म्हणजे त्याच्याच एका जातीचा, मोह तूर्त आवरावा, कारण तो वृक्ष होतो आणि कुंडीत कोंडला जातो. जपानच्या याकुशिमा बेटावरून आलेली ‘याकुशिमानम’ ही ठेंगणी जात कुंडीसाठी अधिक योग्य आहे.

या झाडाला आम्लधर्मी माती लागते, म्हणजे साधारण ४.५ ते ६ सामू (pH) असलेली. म्हणून एरिकेशियस कंपोस्टच, म्हणजे आम्लप्रिय झाडांसाठी मिळणारे कुंडीचे मिश्रण, घ्यावे आणि त्यात झाडाच्या सालीचे बारीक तुकडे मिसळावेत. मुळे तंतुमय व उथळ असल्यामुळे खोल कुंडीपेक्षा रुंद कुंडी बरी, आणि रोप आधी जितके खोल होते त्याहून खाली कधीही गाडू नये.

माझ्या मते खरी परीक्षा पाण्याची असते. इथले नळाचे पाणी, जे आपल्या किटलीत पांढरा थर धरते, तेच हळूहळू मातीची आम्लता घालवते, मग झाडाला लोह घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. त्यामुळे छपरावरून येणारे पावसाचे पाणी पिंपात साठवावे. पुढच्या वसंतातल्या कळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच धरत असल्याने तेव्हा कुंडी कोरडी पडू देऊ नये. माझ्या पहिल्या झाडाच्या कळ्या नेमक्या याच हलगर्जीपणामुळे गळाल्या.

सुकलेली फुले बोटांनीच खुडावीत, कारण नवे कोंब अगदी लगत असतात. पाने विषारी आहेत, तेव्हा मांजर-कुत्र्यांना दूर ठेवावे.