पावडर दुधाचा तो डबा कंपनीच्या माणसाला देऊ नका

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध सुरू केलं. नवा डबा फोडल्यावर चौथ्या दिवशी ताप आणि जुलाब सुरू झाले, आठवडाभर बाळ दवाखान्यात होतं. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) साल्मोनेला हा जंतू निघाला. आता बाळ घरी आहे. कंपनीला ईमेल केल्यावर त्यांचा माणूस आला. ‘डबा तपासायला द्या, सहा नवे डबे आणि दवाखान्याचा थोडा खर्च देतो’ म्हणाला आणि एका कागदावर सही मागत होता. मी अजून केलेली नाही. मेडिकलवाल्याने बिल दिलं नव्हतं, पैसे फोनवरून दिले होते. सासूबाई म्हणतात, बाटली नीट उकळली नसशील, कशाला कोर्टकचेरी? डबा देऊ का? तक्रार टिकेल का? – एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, बाळ घरी आलं हे वाचून जीव भांड्यात पडला. डबा देऊ नका आणि त्या कागदावर सही करू नका. ‘आता माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर एकदा सही झाली की पुढे ती दबावाखाली केली हे सिद्ध करत बसावं लागतं.

डबा तुमचा मुख्य पुरावा आहे. त्यातली पावडर दुसऱ्या भांड्यात काढू नका. झाकण घट्ट लावून डबा चमच्यासकट स्वच्छ पिशवीत घाला, वर चिकटपट्टी लावून शेजारच्या दोघांच्या तारखेसह सह्या घ्या आणि कोरड्या जागी ठेवा. बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, वापरायच्या सूचना या सगळ्याचे फोटो काढा.

त्याहून घाईचं काम दवाखान्यात आहे. कल्चरमध्ये वाढलेला जंतू प्रयोगशाळा काही काळच जपून ठेवते, मग टाकून देते. आजच लेखी अर्ज द्या की हा जंतू नष्ट करू नये, आणि पोच घ्या. याचं कारण सांगते. २०२२ साली अमेरिकेत ॲबट कंपनीच्या मिशिगनमधल्या कारखान्यातली बाळांची दूध पावडर परत मागवली गेली. कारखान्यात क्रोनोबॅक्टर जंतू सापडले होते, बाळंही आजारी पडली होती; पण ज्या दोन बाळांचे जंतू जनुकीय तपासणीसाठी मिळाले, ते कारखान्यातल्या जंतूंशी जुळले नाहीत. आजार आणि डबा यांच्यामधला हा दुवाच अशा प्रकरणात सगळ्यात नाजूक असतो. बाळाचा जंतूच शिल्लक नसेल तर जुळवायचं कशाशी?

दुसरी अडचण म्हणजे तुमचा डबा उघडलेला आहे. जंतू तुमच्या स्वयंपाकघरातून आला, असं कंपनी म्हणणारच. म्हणून त्याच बॅचचा सीलबंद डबा तपासला जायला हवा. अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या, १८०० २२२ ३६५ या क्रमांकावरही नोंदवा. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून त्या बॅचचा नमुना घेऊ शकतात. तुम्हालाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० खाली शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, फक्त डबा विकत घेतानाच ‘हा तपासणीला देणार आहे’ असं दुकानदाराला सांगावं लागतं. या वेळी बिल घ्या. बॅचमधला एक डबा असुरक्षित निघाला तर उलट सिद्ध होईपर्यंत सगळी बॅचच असुरक्षित मानावी, असं त्याच कायद्याचं कलम २६ सांगतं. शिवाय त्या बॅचचे डबे आत्ता इतर घरांतही उघडले जात असतील. तक्रार उद्यावर टाकू नका, असं मी म्हणते ते त्यासाठीही.

सीलबंद डब्याचा अहवाल ‘जंतू आढळला नाही’ असा आला तर खचू नका. पावडरमध्ये जंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात साल्मोनेलासाठी प्रत्येकी २५ ग्रॅमचे ६० नमुने तपासायला सांगितले आहेत आणि साठांपैकी एकातही जंतू चालत नाही. एका डब्यातल्या चिमूटभर पावडरीवरून बॅच निर्दोष ठरत नाही, हे आपल्या बाजूने ठामपणे मांडता येतं.

आता सासूबाईंचा मुद्दा. कंपनीचा वकीलही हेच विचारणार, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. शपथपत्रात खरं तेच लिहा. बाटली रोज उकळत होता पण एखाद्या रात्री नुसती धुतली असेल, तर तसंच लिहा. उलटतपासणीत एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. आणि पावडरचं दूध कारखान्यातून निर्जंतुक होऊन येत नाही, हे फार थोड्या आयांना कुणी सांगितलेलं असतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळायला सांगितली आहे. मग ते दूध गार करून पाजायचं. तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते बघा. ‘पाणी उकळून कोमट करा, मग पावडर घाला’ असं असेल, तर तुम्ही कंपनीचंच ऐकलंत. वापराच्या पुरेशा सूचना न देणं हाही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये उत्पादकाच्या दायित्वाचा स्वतंत्र आधार आहे. उत्पादनात दोष असेल तर त्याच कलमाखाली कारखान्यात नेमका कुणी हलगर्जीपणा केला हे तुम्हाला शोधून दाखवावं लागत नाही. दोष आणि त्यातून झालेली हानी दाखवावी लागते.

तक्रार पुणे जिल्हा ग्राहक आयोगात होईल. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दाखल करता येते. अधिकारक्षेत्र आणि शुल्क डब्याच्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि डब्याची किंमत थोडी असल्यामुळे शुल्क शून्य. बिल नसल्याची फार काळजी नको. फोनवरून पैसे गेल्याची नोंद, बँकेचा उतारा आणि डबा मिळून खरेदी दाखवता येते. तो फोन विकू नका. कंपनीबरोबर दुकानदारालाही सामनेवाला (म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष) करा, कारण साठवणुकीचा प्रश्न निघेल. उघडलेला डबा सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोगाला आहे, तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. बाळ आणि पालक दोघंही ग्राहक ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या स्प्रिंग मेडोज या रुग्णालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार आणि मनस्ताप, तिन्ही मागा.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे. प्रयोगशाळेची तपासणी असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला. तडजोडीला माझा विरोध नाही. ती करायचीच तर आयोगासमोर, लेखी आणि नमुने तपासून झाल्यावर करा. फुकटचे सहा डबे मात्र घेऊ नका. बालकांच्या दूधपर्यायांबाबतचा १९९२ चा कायदा विक्री वाढवण्यासाठी आयांना नमुने, भेटी देण्यास मनाई करतो. कंपनीचा माणूस काय देऊ करत होता हे तारखेसह तक्रारीत लिहा.

वकिलाच्या फीमुळे अडत असेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जाताना डबा घरीच ठेवा. फोटो, डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा अहवाल आणि कंपनीला पाठवलेल्या ईमेलची प्रत एवढं न्या.