वाचकांचे प्रश्न: दुबचेक यांच्या दोन सह्या

प्रश्न: मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेकोस्लोव्हाकियातल्या १९६८ च्या ‘प्राग वसंता’वर मी प्रकल्प करतेय. अलेक्झांडर दुबचेक मला फार आवडायला लागले होते. पण मॉस्कोत त्यांनी रशियाच्या सगळ्या अटींवर सही केली हे वाचलं आणि मन खट्टू झालं. त्यांच्यासोबतच्या फ्रान्तिशेक क्रीगल यांनी तर सही नाकारली! मग दुबचेक भित्रे होते असं लिहू का?

उत्तर: ‘भित्रे’ हा शब्द आधी खोडून टाक. मग सांगते.

त्या सहीपर्यंत गाडी कशी आली ते बघ. ५ जानेवारी १९६८ ला दुबचेक कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले. त्यांना पक्ष मोडायचा नव्हता, ‘मानवी चेहऱ्याचा समाजवाद’ आणायचा होता. एप्रिलमध्ये पक्षाचा कृती कार्यक्रम आला, जूनमध्ये वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप कायद्याने उठली. पन्नाशीच्या दशकात खोट्या खटल्यांत तुरुंगात गेलेली माणसं उघडपणे बोलू लागली. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या डोळ्यात सगळ्यात जास्त खुपली ती ही मोकळी वर्तमानपत्रं. आज प्रागमध्ये छापून येतंय ते उद्या वॉर्सात आणि कीव्हमध्ये मागितलं जाईल, ही भीती होती.

२० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत, पोलिश, हंगेरियन आणि बल्गेरियन फौजा देशात घुसल्या. पहाटे दुबचेक यांना पक्षाच्या मुख्यालयातून सैनिकांनी उचललं. आता खरी गोष्ट पुढे आहे, आणि पाठ्यपुस्तकं ती दोन ओळींत उरकतात. मॉस्कोचा बेत असा होता की प्रागमध्ये आपल्या मर्जीतलं सरकार बसवायचं आणि दुबचेक यांचा विषय संपवायचा. तो बेत फसला. राष्ट्राध्यक्ष लुद्विक स्वोबोदा यांनी असल्या सरकारला मान्यता दिली नाही. लोकांनी रस्त्यांच्या पाट्या उखडल्या, गावांची नावं पुसली. रणगाड्यांना वाट सापडू नये म्हणून. कुठे कुठे एकच पाटी शाबूत ठेवली होती, मॉस्कोकडे जाणाऱ्या दिशेची. रेडिओ केंद्रासमोर माणसं निःशस्त्र उभी राहिली आणि त्यातली काही मारली गेली. तरी प्रसारण थांबलं नाही, जागा बदलत चालू राहिलं. विसोचानी भागातल्या एका कारखान्यात पक्षाचं अधिवेशन भरलं आणि त्याने आक्रमणाचा निषेध केला. कैदेतल्या माणसाची सही मॉस्कोला लागली ती यामुळे. दुबचेक यांच्या सहीची किंमत लोकांनी वाढवून ठेवली होती. हे तुझ्या प्रकल्पात ठळकपणे येऊ दे.

२६ ऑगस्टला मॉस्कोत त्यांनी सही केली. काही दिवसांची कैद, आजारी शरीर, घरी काय चाललंय याची पुरती खबर नाही, आणि देशात लाखोंचं सैन्य. बारा वर्षांपूर्वी बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीचा उठाव कसा चिरडला होता ते सगळ्यांना आठवत होतं. त्या खोलीत मी असते तर मी काय केलं असतं हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून या सहीला मी नावं ठेवत नाही.

क्रीगल यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. पेशाने डॉक्टर, स्पेनच्या यादवीत आणि नंतर चीनमध्ये युद्धावर काम केलेला माणूस. आणि तू वाचलं नसशील तर सांगते, १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली तेव्हा ते प्रागमधल्या पक्षाच्या सशस्त्र दलात वरच्या पदावर होते. ज्या सत्तेसाठी झटले, तिच्याच मुख्य दाराशी उभं राहून ‘नाही’ म्हणाले. सोव्हिएत मंडळींना त्यांना परत पाठवायचंच नव्हतं. बाकीच्यांनी त्यांना घेतल्याशिवाय निघायला नकार दिला. यात सही करणारेही होते हे विसरू नकोस. पुढे ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत फौजांच्या मुक्कामाचा करार संसदेत आला, तेव्हा विरोधात हात वर केला चौघांनी. त्यात क्रीगल होते.

२७ ऑगस्टला दुबचेक परतले आणि रेडिओवर बोलले. मला चेक शिकवणाऱ्या बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला, सगळे उभे. दुबचेक एक वाक्य बोलत आणि थांबत. एकदा इतके थांबले की वडिलांनी पुढे होऊन रेडिओच्या पाठीवर थाप मारली, बिघडला असं समजून. तेवढ्यात आवाज परत आला आणि आईने पदार्थ ढवळायचा चमचा तसाच हातात धरून रडायला सुरुवात केली. ते ध्वनिमुद्रण बाईंनी मला ऐकवलं. तू भाषणाचं भाषांतर वाचलं असशील. शक्य असेल तर ऐक. त्या थांबण्यात जे आहे ते छापता येत नाही.

आता दुसरी सही. तिच्याबद्दल तू विचारलं नाहीस, मला मात्र तीच सलते. एप्रिल १९६९ मध्ये पक्षाची सूत्रं गुस्ताव हुसाक यांच्याकडे गेली आणि दुबचेक यांना संघराज्याच्या संसदेचं अध्यक्षपद मिळालं. आक्रमणाला वर्ष झालं तेव्हा लोक पुन्हा रस्त्यावर आले. प्राग आणि ब्रनोमध्ये पाच जण मेले, आणि या वेळी गोळ्या झाडणारे सोव्हिएत नव्हते, आपलेच होते. २२ ऑगस्टला एक फर्मान निघालं: पकडलेल्यांना तीन आठवडे डांबता येईल, नोकरीवरून काढता येईल, विद्यार्थ्यांना कॉलेजातून हाकलता येईल. लोक त्याला दंडुक्याचा कायदा म्हणू लागले. त्याखाली दुबचेक यांची सही आहे. त्या वेळी ते कैदेत नव्हते. नाटककार वात्स्लाव्ह हावेल यांनी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी पत्र लिहून त्यांना मान न तुकवण्याची विनंती केली होती. ही सही मला माफ करता येत नाही, आणि मी दुबचेक यांच्यावर प्रेम करते म्हणूनच येत नाही. त्या फर्मानाने शिक्षा झालेली मुलं तुझ्याच वयाची होती.

पुढे पक्षाने त्यांनाही काढलंच. ब्रातिस्लाव्हात वनखात्याची नोकरी, मागे गुप्त पोलीस, अशी जवळपास वीस वर्षं गेली. प्रकल्पात दोन्ही सह्या लिही, तारखांसकट.

प्रश्न: रशियातल्या एकाही माणसाला या आक्रमणाची लाज वाटली नाही का? (एक निवृत्त वाचक)

उत्तर: वाटली, आणि त्यांनी ती लपवली नाही. २५ ऑगस्ट १९६८, रविवार, दुपारी बाराला आठ जण मॉस्कोच्या लाल चौकात जाऊन बसले. नताल्या गोर्बानेव्हस्काया यांच्याजवळ बाबागाडी होती, तिच्यात तीन महिन्यांचं बाळ आणि चेकोस्लोव्हाकियाचा छोटा झेंडा. एका फलकावर लिहिलं होतं, ‘तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी’. काही मिनिटांतच साध्या वेशातल्या लोकांनी फलक हिसकावले आणि त्यांना मारहाण झाली. व्हिक्टर फाइनबर्ग यांचे दात पडले. तुरुंग, हद्दपारी, मनोरुग्णालय हे पुढे बहुतेकांच्या वाट्याला आलं. तुम्ही विचारलंत म्हणून हेही सांगते: त्या दिवशी चौकाला लागून असलेल्या क्रेमलिनच्या भिंतीआड दुबचेक होते. सहीला एक दिवस बाकी होता.