बाबांना ऐकू कमी येतं. डॉक्टरांशी नेमकं काय बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील सत्तरीच्या पुढचे आहेत, घरी हाक मारली तरी ओ देत नाहीत, पण डॉक्टरांपुढे बसले की सगळी उत्तरं बरोबर देतात आणि डॉक्टर "उमर हो गई है" म्हणून परत पाठवतात. आमच्याकडे इंदूरला माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच झालं, म्हणून लिहिते.

पहिल्या खेपेला त्यांना माझे मिस्टर घेऊन गेले. "बाबांना माझं तर नीट ऐकू येतं," असं त्यांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. त्यांचा आवाज खर्जातला. बाबांपर्यंत पोचत नव्हता तो माझा आणि माझ्या मुलीचा आवाज. दोन वर्षं मला वाटत होतं की ते माझ्याकडे मुद्दाम लक्ष देत नाहीत, आणि मी मनात कुढत होते. त्याचं आजही वाईट वाटतं.

वयामुळे कान जातात तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात: बायका-मुलांचे, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं. स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. भाजीवाला साठ म्हणाला की बाबांना आठ ऐकू यायचं आणि त्यावरून वाद व्हायचा.

तेव्हा ज्याचं बोलणं वडिलांना कळत नाही, त्यानेच सोबत जा. डॉक्टरांच्या खोलीत दार बंद असतं, माणूस समोर बसून आवाज चढवून बोलतो, ओठ दिसतात. तिथे सगळं कळणारच. घरातलं तिथे दिसत नाही, ते तुम्हाला सांगावं लागतं.

दुसऱ्या खेपेआधी मी आठ दिवस टिपून ठेवलं. मिक्सर चालू असला की काहीच कळत नाही. फोनवर नातीचं बोलणं समजत नाही. हळू बोललं तर "काय?", जरा जोरात बोललं तर "ओरडतेस कशाला?" (हेसुद्धा आतल्या कानाच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं, तऱ्हेवाईकपणा नव्हे.) कागद आधी बाबांना वाचायला दिला. त्यांनी खाली स्वतः एक ओळ लिहिली: कीर्तनाला जाणं सोडलं, बुवा काय म्हणतात ते लागत नाही. आम्ही सगळे गुडघ्यांना दोष देत होतो.

तो कागद बघून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी कानात मळ आहे का तपासलं आणि ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याची चाचणी, करायला सांगितली. तिच्या आलेखात 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंतचे आवाज असतात; आकडा जितका मोठा तितकी पट्टी उंच. बाबांची रेघ 1000 पर्यंत बरी होती, 2000 पासून खाली उतरत गेली. शब्द ओळखायची चाचणीही मागून घ्या. इकडे ती हिंदीत होते. वडिलांचं हिंदी कच्चं असेल तर आधीच सांगा, नाहीतर भाषेची चूक कानाच्या नावावर जाते.

चालू गोळ्यांची आणि पूर्वीच्या इंजेक्शनांची यादी न्या. टीबीसाठी दिलेलं स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन, अमिकासिन यांनी कानाला इजा होऊ शकते.

एकाच कानाला कमी येत असेल, एकाच कानात आवाज घुमत असेल, चक्कर येत असेल किंवा कान वाहत असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. आणि एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं तर नंबर लागायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हायला हवा.

कानाचं मशीन घ्यायची वेळ आली तर दुकानातल्या शांततेत पसंत करू नका. काही दिवस घरी वापरायला मागा. मिक्सर लावा, आणि बोलायला तुमच्या आईला किंवा मुलीला सांगा, तेही वडिलांच्या पाठीमागून.