युरोप्लेटस सिकोरी आणि सामेइटी कशा ओळखायच्या? जंगलातून पकडून आणलेल्या पालींची काळजी काय?

रंगावर जाऊ नका. मादागास्करच्या या दोन्ही पानशेपटी पालींना शेवाळी नक्षी आणि कडेने झालर असते, शिवाय रंग रोज बदलतो. खात्रीची खूण तोंडात आहे: सिकोरीच्या तोंडाची आतली त्वचा काळपट, सामेइटीची फिकट गुलाबी. जबडा ओढून उघडू नका, इजा होते. डिवचल्यावर पाल स्वतःच आ वासते, तेवढ्यात फोटो घ्या. ओळख पटेपर्यंत जोडी लावू नका, संकर होण्याचा धोका असतो.

जंगलातून पकडून आणलेल्या पाली अनेकदा तहानेने मरतात. वाटीतलं पाणी त्यांना कळत नाही, त्या पानांवरचे थेंब चाटतात. म्हणून पहिले काही दिवस संध्याकाळी पाच-दहा मिनिटं सलग बारीक फवारा द्या आणि सकाळपर्यंत पानं सुकू द्या. सतत ओल राहिली, हवा कोंडली, की त्वचेला संसर्ग होतो. दिवसा २१ ते २४ अंश सेल्सिअस, रात्री आणखी थोडं कमी. २७ च्या वर धोका. एका पालीला ४५×४५×६० सेंमीची उभी, जाळीच्या झाकणाची पेटी, तळाला साधा कागद.

ताजी विष्ठा तपासून घ्या. जंत बहुधा असतातच, पण पाल सुकलेली असताना औषध दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. आधी पाणी, मग पशुवैद्याने वजनावरून ठरवलेला डोस.